लेड झेपेलिन: आठ अल्बम, आठ प्रश्न

मागच्या महिन्यात या सदरात लेड झेपेलिनचा ओझरता उल्लेख आला आणि वाचकांची पत्रं येऊ लागली. कुणी हा बँड पहिल्यांदाच ऐकतंय, कुणी तरुणपणच्या कॅसेटींकडे पुन्हा वळलंय, तर कुणाला त्याचा मनापासून राग आहे. त्यांतले आठ प्रश्न इथे घेतले आहेत. आवडीनिवडी माझ्या आहेत. त्या तशा का, तेही सांगितलं आहे, म्हणजे तुम्हाला स्वतः ऐकून ताडून पाहता येईल.

प्रश्न: आमच्या कॉलेजात गिटार हातात घेतली की प्रत्येक जण 'स्टेअरवे टू हेवन' वाजवतो. त्यापलीकडे मला झेपेलिन माहीत नाही. सुरुवात कुठून करू? (नाशिक)

उत्तर: 'स्टेअरवे' ज्या अल्बमवर आहे, तिथूनच करा. फक्त अल्बम पहिल्या गाण्यापासून लावा आणि मध्ये उठू नका.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९६८ साली लंडनमध्ये चौघं एकत्र आले. जिमी पेज हा गिटारवादक आणि जॉन पॉल जोन्स हा बेस व कीबोर्ड वाजवणारा, दोघंही स्टुडिओत इतरांच्या रेकॉर्डवर वाजवून तयार झालेले. पेज त्याआधी यार्डबर्ड्स या बँडमध्ये होता. गायक रॉबर्ट प्लांट आणि ड्रमर जॉन बोनम हे मिडलंड्सकडचे, लंडनच्या स्टुडिओंना अनोळखी. पहिला अल्बम त्यांनी स्टुडिओतल्या जेमतेम ३६ तासांत पुरा केला. १९६९ ते १९७९ या काळात आठ स्टुडिओ अल्बम आले. १९८० साली बोनम गेला आणि उरलेल्या तिघांनी बँड थांबवला.

तुम्ही म्हणता तो चौथा अल्बम, नोव्हेंबर १९७१ चा. त्याला नाव नाही. मुखपृष्ठावर ना अल्बमचं नाव आहे, ना बँडचं. आत चौघांची चार चिन्हं आहेत, बस्स. पुढच्या बाजूला पाठीवर काटक्यांचा भारा घेतलेला म्हातारा दिसतो. तो कोण, याबद्दल वर्षानुवर्षं तर्क चालले. अखेर २०२३ मध्ये मूळ छायाचित्र सापडलं आणि तो विल्टशरमधला गवती छपरं शाकारणारा कारागीर असल्याचं समजलं.

या अल्बमची पहिली बाजू क्रमानं ऐका. 'ब्लॅक डॉग' आणि 'रॉक अँड रोल' ही दोन आक्रमक गाणी, मग 'द बॅटल ऑफ एव्हरमोर', ज्यात ड्रम्स नाहीत, मँडोलिन आहे आणि प्लांटच्या जोडीला सँडी डेनी या लोकगायिकेचा आवाज आहे. त्यानंतर 'स्टेअरवे'. सुरुवातीला गिटार आणि जोन्सनं वाजवलेल्या रेकॉर्डर या बासरीसारख्या वाद्याचे सूर. बोनम चार मिनिटं उलटून गेल्यावर येतो. मँडोलिननं कान आधीच निवलेले असतात, त्यामुळे ही चार मिनिटं लांब वाटत नाहीत आणि ड्रम्स येतात तेव्हा छाती भरून येते. गाणं एकटं ऐकलं तरी सुंदरच आहे. पण ते इतकं थांबून का वाजवलंय, ते या क्रमात ऐकल्यावर कळतं.

चौथ्यानंतर तिसऱ्याकडे जा आणि मग 'फिजिकल ग्राफिटी'कडे. बाकीचे अल्बम त्यानंतर आपोआप हाताशी येतील.

प्रश्न: मुलगा सांगतो म्हणून ऐकून पाहिलं. मला हा निव्वळ गोंगाट वाटला. यात ऐकण्यासारखं नेमकं काय आहे? (कोल्हापूर)

उत्तर: हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण झेपेलिनबद्दल मला जे म्हणायचंय ते याच्याच उत्तरात आहे. हा बँड जड वाटतो तो आवाजामुळे नव्हे. त्यांच्यानंतर कितीतरी बँड त्यांच्याहून मोठ्यांदा वाजवत आले आणि तरी इतके जड वाटले नाहीत. झेपेलिनचं वजन येतं दोन ठोक्यांमधल्या मोकळ्या जागेतून. चौघांपैकी कुणी, केव्हा आणि किती वेळ गप्प राहायचं, हे त्यांना फार चांगलं कळत होतं.

चौथ्या अल्बमचं शेवटचं गाणं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' लावा. हे मूळचं १९२९ सालचं ब्लूज गाणं, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मकॉय यांचं, १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुराबद्दलचं. झेपेलिननं ते मुद्रित केलं हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या दगडी इमारतीत. १७९५ साली निराधारांसाठी बांधलेली ही तीन मजली वास्तू. मुद्रणाची यंत्रणा बाहेर उभ्या असलेल्या गाडीत, रोलिंग स्टोन्सच्या फिरत्या स्टुडिओत. बोनमचे ड्रम्स खाली हॉलमध्ये, जिन्याच्या तळाशी मांडले होते. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सनं दोन मायक्रोफोन घेतले आणि ते वर, जिन्यावरून, खाली तोंड करून टांगले. ड्रम्सना चिकटून माइक लावायचे ही नेहमीची पद्धत. इथे ती सोडून दिली.

याचा परिणाम ऐका. बेस ड्रमचा ठोका पडतो, जिन्यातून वर चढतो, दगडी भिंतींवर आपटतो आणि मगच माइकपर्यंत पोचतो. ठोक्याबरोबर त्या इमारतीची उंचीही ऐकू येते. वर थोडा इको दिला आणि टेपची गती जराशी उतरवली. बोनम जे वाजवतो ते कागदावर लिहिलं तर अगदी साधं आहे. तो घाई करत नाही, भरणा करत नाही, दोन ठोक्यांमधली जागा राखून ठेवतो, आणि त्या जागेत इमारत घुमते. पुढे हिप-हॉपवाल्यांनी हा तुकडा उचलून आपल्या गाण्यांखाली घातला, बीस्टी बॉइजनं तर १९८६ मध्येच. गिटार आणि गाणं काढून टाकलं तरी ज्याच्यावर दुसरं गाणं उभं राहतं, असा हा ठेका आहे.

'ब्लॅक डॉग'मध्ये हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेनं दिसते. प्लांट एकटा ओळ म्हणतो, तेव्हा बाकी तिघं पूर्ण गप्प असतात. ओळ संपली की तिघं एकदम कोसळतात. मधली शांतता भरून काढली असती, तर रिफची निम्मी ताकद गेली असती. पेज या पद्धतीला प्रकाश आणि छाया म्हणत आला आहे. तुम्ही आवाज थोडा कमी ठेवून, फक्त ड्रम्सकडे कान देऊन ही दोन गाणी ऐका. मग गोंगाट वाटतो का ते मुलाला सांगा.

प्रश्न: तिसरा अल्बम फसलेला आहे असं बरेच जण म्हणतात. तुम्हाला तो का आवडतो? (ठाणे)

उत्तर: तो आला १९७० साली. दुसऱ्या अल्बमवरच्या 'होल लॉटा लव्ह'चा धडाका ऐकलेल्या लोकांना पुन्हा तेच हवं होतं. मिळाली ती अर्ध्याहून अधिक अकूस्टिक गाणी. त्या वेळच्या समीक्षकांना ते पचलं नाही आणि तेव्हा बसलेला शिक्का आजही पुरता निघालेला नाही.

त्याआधी पेज आणि प्लांट वेल्समधल्या ब्रॉन-इर-आउर नावाच्या डोंगरातल्या घरी जाऊन राहिले होते. तिथे वीज नव्हती, नळाचं पाणी नव्हतं. विजेवर चालणारी गिटार वाजवायची सोयच नसल्यानं जे सुचलं ते लाकडी गिटारवर सुचलं. 'दॅट्स द वे' ऐका. मैत्री तुटण्याचं दुःख सांगणारं गाणं, ड्रम्स जवळपास नाहीतच, आणि प्लांट इतका जवळून गातो की याच अल्बमवरच्या 'इमिग्रंट साँग'मधली आरोळी याच गळ्याची, यावर विश्वास बसत नाही. 'गॅलोज पोल' हे जुनं लोकगीत. आधी एकटी गिटार, मग मँडोलिन, पुढे बँजो आणि ड्रम्स. फाशीच्या खांबाकडे चाललेल्या माणसाची धडधड वाढत जावी तसा एकेक वादक त्यात येऊन मिळतो.

आणि पहिल्या बाजूवर 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' आहे. संथ ब्लूज, सात मिनिटांच्या वरचा. हेडफोन लावून ऐकलंत तर बेस ड्रमच्या पेडलची करकर स्पष्ट ऐकू येते. बोनमचा पाय दाबतो, बिजागरी कुरकुरते. आजचा कुणी ध्वनिमुद्रक तो आवाज पहिल्या झटक्यात पुसून टाकेल. इथे तो राहिला आणि तो राहिला याचा मला आनंद आहे. त्यातून कळतं की बाकीचे वादक किती हळू वाजवत होते; ही करकर ऐकू यावी इतकी शांतता त्या खोलीत होती. हळू वाजवूनही वजन ठेवता येतं, हे या बँडनं तिसऱ्या अल्बमवर सिद्ध केलं. त्याशिवाय चौथा झाला नसता.

प्रश्न: मी तबला शिकते. 'काश्मीर' ऐकताना दर वेळी माझी मात्रा चुकते. त्यात नेमका ताल कोणता? आणि काश्मीरचा त्यात संबंध काय? (सांगली)

उत्तर: तुमची मात्रा चुकत नाही. तुम्ही बहुधा गिटार मोजायला सुरुवात करता आणि मध्येच ड्रम्सकडे जाता.

गिटार आणि त्यांच्याबरोबरची व्हायोलिनं तीन-तीन मात्रांच्या गटात चालतात. सूर पायरी-पायरीनं वर चढतो आणि प्रत्येक पायरी तीन मात्रांची आहे. बोनम मात्र चारच्या हिशेबानं वाजवतो, अगदी सरळ, न डगमगता. तीनाचे चार गट झाले की बारा, चाराचे तीन झाले की बारा. म्हणजे बारा मात्रांनी दोघं समेवर भेटतात. एका हातानं चारची टाळी धरा आणि गिटारचे गट तोंडानं म्हणा. दोन-तीन आवर्तनांत बसेल. एकतालाचा रियाज झालेला असेल तर बारापर्यंतचं अंतर तुमच्या अंगवळणी पडलेलंच आहे.

इथे बोनमचा मोठेपणा दिसतो. समोर तीनची चाल चालू असताना कुणाही ड्रमरला तिच्यात मिसळावंसं वाटेल. तो मिसळत नाही आणि कसलं कसबही दाखवायला जात नाही. त्याच्या सरळपणामुळेच गिटारचा तिरकेपणा उठून दिसतो. साडेआठ मिनिटं हे दोन हिशेब एकमेकांच्या शेजारून जातात. गाणं पुढेही सरकतं आणि एका जागी फिरतंय असंही वाटतं, ते यामुळे.

संबंधाबद्दल: गाणं लिहिताना चौघांपैकी कुणीही काश्मीर पाहिलेलं नव्हतं. प्लांटला शब्द सुचले ते १९७३ साली मोरोक्कोच्या दक्षिणेत, वाळवंटातून जाणाऱ्या लांबच लांब सरळ रस्त्यावर गाडी चालवताना. पेजची गिटार वेगळ्या सुरांत लावलेली आहे. तशीच त्यानं आधीपासून काही पूर्वेकडच्या वळणाच्या रचनांसाठी लावली होती. त्या सुरावटीत कोणताही राग शोधू नका. दूरच्या, न पाहिलेल्या प्रदेशाची ओढ त्यात आहे आणि तेवढ्यावर ते गाणं भक्कम उभं आहे.

प्रश्न: झेपेलिननं मुंबईत रेकॉर्डिंग केलं होतं अशी दंतकथा वडील सांगायचे. खरं आहे का? (दादर, मुंबई)

उत्तर: दंतकथा नाही, वडील बरोबर सांगत होते. १९७२ साली पेज आणि प्लांट मुंबईत आले आणि त्यांनी इथल्या स्टुडिओत, इथल्या वादकांना घेऊन दोन गाणी मुद्रित केली: तिसऱ्या अल्बमवरचं 'फ्रेंड्स' आणि चौथ्यावरचं 'फोर स्टिक्स'. बोनम आणि जोन्स सोबत नव्हते. या टेपा चाळीसहून अधिक वर्षं अधिकृतपणे बाहेर आल्या नाहीत. २०१५ मध्ये 'कोडा' या उरलेल्या मुद्रणांच्या अल्बमची वाढीव आवृत्ती निघाली, तेव्हा 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' या नावाखाली त्या सगळ्यांना ऐकायला मिळाल्या. दुसऱ्या गाण्याचं नाव तिथे 'फोर हँड्स' असं आहे.

माझं मत विचाराल तर 'फ्रेंड्स' छान जमलंय. मूळ गाण्यातच एक सूर सतत खाली घुमत राहतो, त्यामुळे व्हायोलिनं आणि तबला त्यात सहज बसतात. मूळ मुद्रणापेक्षा हे मला अधिक मोकळं वाटतं. 'फोर हँड्स'मध्ये मात्र काहीतरी हरवतं. मूळ 'फोर स्टिक्स' पाच आणि सहाच्या गटांत आलटून-पालटून चालतं, आणि बोनमनं ते प्रत्येक हातात दोन-दोन काठ्या धरून वाजवलंय. ती ओढाताण हेच त्या गाण्याचं हाड आहे. बोनमशिवाय ते मऊ पडतं.

भारतीय वाद्यांशी त्यांचा संबंध त्याच्याही आधीचा आहे. पहिल्या अल्बमवर 'ब्लॅक माउंटन साइड' नावाची दोन मिनिटांची गिटारची रचना आहे, तिच्यावर तबला आहे तो विराम जसानी यांचा. पुढे १९९४ मध्ये पेज आणि प्लांट पुन्हा एकत्र आले, तेव्हा त्यांनी इजिप्त आणि मोरोक्कोतल्या वादकांबरोबर जुनी गाणी नव्यानं वाजवली. त्या वेळी 'एव्हरमोर'मध्ये सँडी डेनीची जागा भारतीय वंशाच्या ब्रिटिश गायिका नज्मा अख्तर यांनी घेतली. मुंबईच्या त्या टेपांत जे अर्धवट राहिलं होतं, ते मला तिथे पुरं झालेलं ऐकू येतं.

प्रश्न: झेपेलिननं बरीच गाणी चोरली असं वाचनात आलं. मग त्यांचं कौतुक कशाला? (औरंगाबाद)

उत्तर: आरोपात तथ्य आहे आणि ते झाकून कौतुक करू नये.

'होल लॉटा लव्ह'चे शब्द विली डिक्सन या शिकागोच्या ब्लूज रचनाकाराच्या गाण्यावरून आले होते. मडी वॉटर्सनं ते गाणं १९६२ मध्ये म्हटलेलं आहे. डिक्सननं १९८५ साली दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली आणि नंतर त्याचं नाव लागलं. 'द लेमन साँग'मध्ये हाउलिंग वुल्फचं गाणं आहे. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' मुळात जेक होम्स या गायकाचं, १९६७ चं. 'बेब आय एम गॉना लीव्ह यू' हे अ‍ॅन ब्रेडनचं, तिचं नाव यायला दोन दशकं लागली. आणि आत्ता ज्याचा उल्लेख केला त्या 'ब्लॅक माउंटन साइड'मधली गिटारची मांडणी स्कॉटिश वादक बर्ट जान्श याच्या वादनाला इतकी जवळची आहे की त्याचं नाव तिथे हवंच होतं.

'स्टेअरवे'चं प्रकरण वेगळं. स्पिरिट या बँडच्या 'टॉरस'वरून सुरुवात घेतली, असा दावा २०१४ मध्ये दाखल झाला. २०१६ मध्ये ज्यूरीनं झेपेलिनच्या बाजूनं कौल दिला, पुढे अपिलं झाली आणि २०२० मध्ये तोच निकाल कायम राहिला. मला तो योग्य वाटतो. अशा उतरत्या स्वरपंक्ती कितीतरी जुन्या रचनांत सापडतात.

दुसऱ्याची रचना घेऊन आपल्या ढंगानं मांडणं यात गैर काहीच नाही. आपल्याकडे एकच बंदिश पिढ्यान्‌पिढ्या, घराण्या-घराण्यांत गायली जाते. पण सदारंगांची बंदिश गाताना त्यांचं नाव त्या बंदिशीतच असतं. गवय्यानं कितीही विस्तार केला तरी रचनाकाराचं नाव ओठांवर येतंच. झेपेलिननं नेमकं हेच टाळलं, आणि ज्यांचं नाव टाळलं त्यांत कृष्णवर्णीय ब्लूज कलाकार होते. पहिल्या अल्बमवरच्या दोन गाण्यांना डिक्सनचं नाव आहे, 'लेव्ही'ला मेम्फिस मिनीचं आहे. म्हणजे नाव द्यायचं असतं हे त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच जिथे दिलं नाही तिथला दोष मोठा.

तरी मी त्यांना ऐकतो. मेम्फिस मिनीचं मूळ गाणं आणि झेपेलिनची 'लेव्ही' लागोपाठ ऐका. दोन्ही थोर आहेत आणि एकानं दुसरं झाकलं जात नाही. माझी विनंती एवढीच, की झेपेलिन ऐकणाऱ्यानं डिक्सन, हाउलिंग वुल्फ, मेम्फिस मिनी यांनाही आपल्या कानांत जागा द्यावी.

प्रश्न: 'फिजिकल ग्राफिटी'नंतरचे दोन अल्बम ऐकावेत का? (नागपूर)

उत्तर: 'प्रेझेन्स' नक्की ऐका, आणि तो कसा झाला ते ठाऊक ठेवून ऐका. ऑगस्ट १९७५ मध्ये ग्रीसमधल्या ऱ्होड्स बेटावर प्लांटच्या गाडीला मोठा अपघात झाला. वर्षअखेरीला म्युनिकच्या स्टुडिओत तो चाकांच्या खुर्चीत बसून गात होता. त्यांच्यानंतर तोच स्टुडिओ रोलिंग स्टोन्सनी घेतलेला होता, त्यामुळे हातात वेळ नव्हता. अठरा दिवसांत अल्बम संपवला. त्यात कीबोर्ड नाहीत, लाकडी गिटार जवळपास नाही. 'अकिलीज लास्ट स्टँड' दहा मिनिटांचं आहे. पेजनं त्यात गिटारवर गिटार चढवली आहे, आणि तरी बेस आणि ड्रम्सचा दौडता घोडा कुठे दबत नाही. शेवटचं 'टी फॉर वन' हे घरापासून लांब असलेल्या माणसाचं संथ ब्लूज आहे. हा अल्बम कोरडा आहे, कुणाला खूश करायला केलेला नाही. त्याचा कोरडेपणा मला खरा वाटतो.

१९७९ चा 'इन थ्रू द आउट डोअर' मला फार जवळचा वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी प्लांटचा लहान मुलगा कॅरक आजारपणात गेला होता. पेज पूर्वीसारखा लक्ष घालत नव्हता. स्टॉकहोममध्ये, 'आबा' (ABBA) या पॉप गटाच्या पोलर स्टुडिओत, सूत्रं जोन्सच्या कीबोर्डकडे गेली. दोन गाण्यांच्या रचनाकारांत तर पेजचं नावच नाही. चौघांचा तोल इथे बिघडलेला ऐकू येतो. गाण्यांत जागा आहे, पण ती राखलेली नसून रिकामी राहिलेली आहे. यातलं 'ऑल माय लव्ह' मात्र ऐका. प्लांटनं ते मुलासाठी गायलं आहे आणि तो इथे आवाज चढवत नाही. 'फूल इन द रेन'मधला बोनमचा डुलता ठेका तर ड्रम्स शिकणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा वाजवून पाहावा असा आहे.

'कोडा' हा १९८२ चा अल्बम उरलेल्या मुद्रणांचा आहे, म्हणून मी तो आठांत धरत नाही.

प्रश्न: आता तुमचा क्रम सांगाच. आणि तो तसा का? (पुणे)

उत्तर: सांगतो, वरून खाली.

पहिला 'फिजिकल ग्राफिटी', १९७५. दोन रेकॉर्ड, पंधरा गाणी. आठ नवी आणि सात आधीच्या अल्बममधून मागे ठेवलेली. अर्धा माल जुना, ही त्याच्यावरची टीका. मला तीच त्याची श्रीमंती वाटते, कारण या एका अल्बमवर पाच वर्षांचा सगळा बँड भेटतो. 'काश्मीर'चा विस्तार आहे, 'इन माय टाइम ऑफ डाइंग'ची अकरा मिनिटं आहेत, डोंगरातल्या त्या घराच्या नावाची दोन मिनिटांची एकटी गिटार आहे. आणि 'टेन इयर्स गॉन' आहे, ज्यात पेजनं गिटारचे थरावर थर दिलेत आणि प्लांट दहा वर्षांपूर्वी सुटलेल्या प्रेमाबद्दल एका शब्दाचीही तक्रार न करता गातो.

दुसरा चौथा अल्बम. अमेरिकेत त्याच्या दोन कोटींहून अधिक प्रतींची अधिकृत नोंद आहे आणि इतका खपलेला असूनही तो शिळा झालेला नाही. तिसरा क्रमांक तिसऱ्या अल्बमलाच.

चौथा 'हाउसेस ऑफ द होली', १९७३. 'द रेन साँग' आणि 'नो क्वार्टर' या दोन गाण्यांत चौघं श्वास रोखून एकमेकांना ऐकताना जाणवतात. 'द क्रंज' आणि 'डायर मेकर'मध्ये ते फंक आणि रेगे करून पाहतात आणि ते त्यांच्या अंगाला बसत नाही. नाहीतर हा अल्बम आणखी वर गेला असता.

पाचवा 'प्रेझेन्स'. सहावा पहिला अल्बम, १९६९ चा. त्यातला आत्मविश्वास थक्क करतो, पण गाणी बरीचशी उसनी आहेत. सातवा दुसरा अल्बम. इथे अनेकांचं माझ्याशी भांडण होईल. तो १९६९ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यांतून सवड काढत, वेगवेगळ्या शहरांतल्या स्टुडिओंत मुद्रित झाला आणि ती घाई मला ऐकू येते. सगळे एकाच वेळी बोलताहेत, थांबायला कुणी तयार नाही. 'रॅम्बल ऑन' हा अपवाद. पुढे तिसऱ्या आणि चौथ्या अल्बमवर जे घडलं त्याची सगळी बीजं त्यात आहेत. आठवा 'इन थ्रू द आउट डोअर'.

क्रमाचं कारण आता तुमच्या लक्षात आलं असेल. जिथे चौघांनी एकमेकांसाठी जागा सोडली, ते अल्बम वर आहेत. जिथे ती भरून टाकली, किंवा कुणीतरी नसल्यामुळे ती नुसतीच रिकामी राहिली, ते खाली. तुमचा क्रम वेगळा असेल तर कारणांसकट जरूर कळवा. आणि तिसरा अल्बम तळाशी टाकणार असाल, तर त्याआधी त्याची दुसरी बाजू सलग आणखी एकदा ऐका.